बटाईचं डांगर

मायला मी धुळ्याला आणलं ते ‘चार दिवस चल’ असं सांगून. मी ते मोघम म्हणालो होतो. तिने मोजले. पाचव्या दिवशी सकाळी जुन्या लुगड्याच्या धडप्यात आपले कपडे बांधून ती दाराशी बसली होती.

“कोठे?” मी विचारलं.

“घर.”

“आज एसटीला गर्दी असते,” मी म्हणालो. त्या दिवशी मंगळवार होता. गर्दी अजिबात नसते. मायने गठुडं परत खुंटीला अडकवलं, पण सोडलं नाही. ते तसंच बांधलेलं राहिलं. तिला लुगडं लागलं की ती गाठ सैल करून ओढून काढायची आणि गाठ परत आवळायची.

वडील जाऊन दीड वर्ष झालं होतं. भडगावपासून थोडं आत, गिरणेच्या काठाला आमचं गाव. तिथे ती एकटी राहायची. त्या हिवाळ्यात ती परसात पाय घसरून पडली आणि शेजारणीच्या लक्षात येईपर्यंत तशीच पडून होती. मला ऑफिसच्या फोनवर निरोप आला तेव्हा एका सहकाऱ्याला मुलगा झाल्याचे पेढे वाटणं चाललं होतं. निरोप ऐकला, हातातला पेढा संपवला आणि मग निघालो. पेढ्याबद्दल मला कुणी कधी विचारलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आमची गल्ली नंबरवाली. धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत, नावं देण्याची फुरसत बहुधा कुणाला नव्हती. घराला घर चिकटलेलं. एकाने फोडणी दिली की दुसरा शिंकायचा आणि तिसरा विचारायचा, आज काय केलंय. वरच्या मजल्यावर मी, बायको आणि आमचा लहान मुलगा यांच्या दोन खोल्या आणि त्यांच्यावर गच्ची. गच्चीवर सिमेंटची एक पाण्याची टाकी होती. बांधणाऱ्याला वाटलं असावं की कधी ना कधी नगरपालिकेचं पाणी एवढं वर चढेल. ते खालच्या नळालाच दिवसाआड येई, आणि उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. टाकी बांधली तेव्हापासून कोरडी होती.

गावी माय आणि आम्ही सगळे अहिराणी बोलायचो. मी शिकलो, पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात कारकून झालो आणि पुस्तकी मराठी बोलू लागलो. मायशीसुद्धा. ती अहिराणीत विचारायची, मी शुद्ध मराठीत उत्तर द्यायचो. दोघांनाही एकमेकांचं सगळं कळायचं. तरी तिचा चेहरा सरकारी माणसाशी बोलताना होतो तसा असायचा.

चैत्र संपता संपता तिने विषय काढला.

“भादव्यामा तुना बापनं पितर शे.”

“हो. इथेच करू.”

“डांगर?”

आमच्याकडे लाल भोपळ्याला डांगर म्हणतात. पितराच्या ताटात डांगराची भाजी हवीच. गावात प्रत्येकाच्या उकिरड्यावर एक वेल असतो, तो आपोआप येतो, छपरावर चढतो आणि भाद्रपदात डांगर देतो. आमच्या घरी पितराला विकतचं डांगर कधी आलं नव्हतं.

“बाजारात मिळतं ना,” मी म्हणालो.

“बाजारना डांगरले तुना बाप वळखाव नही.”

वडील बाजारातलं बरंच काही ओळखत नसत. मग तिने आपलं म्हणणं स्पष्ट मांडलं. पितराला घरचं डांगर धुळ्यात झालं तर ती धुळ्यात राहील. नाही झालं तर पितर गावी होईल आणि ती परत येणार नाही. “मंग मले लेवाले येऊ नको.”

तिचा पाय अजून नीट टेकत नव्हता. गावच्या घराच्या पायऱ्या, विहीर, परस, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी होकार दिला. त्याच वेळी मनात असंही आलं होतं की ती गेली तर स्वयंपाकघरात रात्री झोपलेल्या कुणाच्या अंगावर पाय पडणार नाही. दोन्ही विचार एकाच दमात आले. मी पहिला बोलून दाखवला.

“पण लावायचं कुठे?” मी बायकोला विचारलं. ती जळगावची, शहरातली. तिच्या माहेरी तुळशीपलीकडे कुणी काही लावलेलं नव्हतं.

“टाकीत,” ती भाकरी थापता थापता म्हणाली. “पाणी येणार नाहीये. माती तरी येऊ दे.”

माती गावाहून आणायची, यावर माय ठाम होती. पारोळ्याला गाडी बदलून आम्ही गेलो आणि परसातल्या उकिरड्याच्या कडेची माती खताच्या गोण्यांत भरून निघालो. कंडक्टरने गोणीला पाय लावून पाहिला.

“माय, आनामा काय शे?”

“माटी.”

“धुयाले माटी नही का वं?”

“व्हई ना. पन ती मनी वळखनी नही.”

कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, “तुमच्याबरोबर आहेत का?” मी ‘हो’ म्हणालो, पण जरा वेळाने.

बी राखेत घोळून ठेवलेलं गावच्या घरातलंच होतं. मृगात तिने ते टाकीत टोचलं. उगवलं. पाण्याचा प्रश्न मात्र खरा होता. भांड्यांचं पाणी वर जाऊ लागलं, तांदळाचं धुवण वर जाऊ लागलं, आणि पाऊस लांबला तेव्हा एके सकाळी मायने माझी बादलीही वर नेली.

“वर ये, आंग धुवाले.”

“गच्चीवर?”

“वेलले पानी लागस. तू रोज मोरीमा वतस.”

टाकीच्या कडेला फरशीचा तुकडा टाकलेला होता. मी चड्डीवर त्याच्यावर बसलो.

“साबन लावू नको. वेलले चालत नही.”

तो पावसाळा मी साबणाशिवाय काढला. गल्लीतल्या गच्च्या एकमेकींना लागून. सकाळच्या वेळी कुणी कपडे वाळत घाली, कुणी दात घाशी, कुणी नुसतं उभं राही. ऑफिसला निघालो की कुणी तरी विचारायचं, “काय भाऊ, आज कमी पाणी घातलं वाटतं वेलाला?” मी ‘नाही, नेहमीइतकंच’ असं खरं उत्तर द्यायचो.

वेल मात्र वाढला. टाकीबाहेर आला, गच्चीच्या कठड्यावर चढला आणि पलीकडे शेटच्या गोदामाच्या पत्र्यावर उतरला. शेट मारवाडी. त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून धुळ्यात धान्याची आडत. खेड्यांतून माल घेऊन येणाऱ्यांशी बोलून बोलून त्यांची अहिराणी माझ्यापेक्षा चांगली होती. ते मायशी अहिराणीत बोलत आणि माझ्याशी मराठीत. त्यांना असा भेद करावासा वाटला, याचं मला वाईट वाटायचं. पण मी त्यांना थांबवलं नाही.

श्रावणात वेलाला फळं धरू लागली आणि अडचण सुरू झाली. कोवळ्या फळाला बोट दाखवू नये, दाखवलं की ते पिवळं पडून झडतं. हे आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. गावात प्रत्येक वेलाच्या आसपास दोन-चार माणसं असतात आणि त्या सगळ्यांना हे ठाऊक असतं. आमच्या गल्लीत मात्र त्या एका वेलावर दहा गच्च्यांची नजर होती आणि प्रत्येक गच्चीवर बोटं होती. पहिलं लिंबाएवढं फळ दिसलं तशी समोरची मुलं ओरडली, “ते बघ, डांगर! ते, ते!” एकेकाने नीट हात लांब करून दाखवलं. फळ पिवळं पडलं आणि गळलं. दुसरं समोरच्या काकूंनी आपल्या पाहुण्यांना दाखवलं. तेही गेलं.

मी मायला समजावलं, की यात बोटाचा संबंध नाही. नर फूल वेगळं असतं, मादी फूल वेगळं, आणि मधमाशी लागते. गल्लीत मधमाश्या कुठून येणार?

ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, “मधमाशीले बोट नही शे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी, बायका निवांत असतात त्या वेळी, ती कठड्याला धरून उभी राहिली आणि चहूकडच्या गच्च्यांना ऐकू जाईल असं बोलली. दाखवायचं असेल तर दाखवा, मनाई नाही. पण वाकड्या बोटाने. तर्जनी दुमडून तिने करून दाखवलं. सुरुवातीला लोक हसले. मग मुलांना तो खेळच झाला. जो सरळ बोट दाखवी त्याला बाकीचे धपाटा घालत. आठ-पंधरा दिवसांत गल्लीत सगळंच वाकड्या बोटाने दाखवणं सुरू झालं. पोस्टमनने एकदा पत्ता विचारला, तर तिघांनी मिळून त्याला दुमडलेल्या बोटांनी घर दाखवलं. तो दोनदा चुकला.

त्याच सुमारास, एका रविवारी सकाळी, शेट धापा टाकत आमच्या जिन्यावर आले. रविवारी सकाळी तेव्हा सगळी गल्ली टीव्हीसमोर असे. ज्यांच्याकडे टीव्ही नसे ते शेटच्या टीव्हीसमोर असत.

“भाऊ, टीव्हीत मुंग्या.”

आम्ही वर गेलो. वेलाने शेटच्या अँटेनाच्या काठीला तणाव्यांनी विळखा घातला होता आणि ओढून ओढून तिचं तोंड फिरवलं होतं. शेट म्हणाले, एवढा एक शेंडा कापू. माय वेल आणि शेट यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली. खालून चाळीस माणसं ‘आलं का? गेलं का?’ विचारत होती. शेवटी शेटनी अँटेना सोडून एक हात पलीकडे बांधली. तिथे चित्र येई, पण त्यात मुंग्या कायमच्या राहिल्या. त्या चित्राबद्दल सगळी गल्ली मला जबाबदार धरायची. मला ते योग्य वाटायचं.

मग एक फळ टिकलं. वाकड्या बोटांमुळे की कुठून तरी आलेल्या एखाद्या मधमाशीमुळे, मी तेव्हाही वाद घातला नाही. पानांखाली असल्याने ते आम्हाला उशिरा दिसलं. दिसलं तेव्हा नारळाएवढं होतं, पुढे घागरीएवढं झालं. बाकी वेलावर काहीच धरलं नाही. पितर जवळ आलं तसं त्याचं साल पिवळट-तांबूस होऊ लागलं. मी ऑफिसात निश्चिंत मनाने बसू लागलो.

पितराच्या आदल्या आठवड्यात मी मायला म्हणालो, “झालं तुझं डांगर.”

“मनं नही. शेटनं शे.”

मला कळेना. तिने मला कठड्यापाशी नेलं आणि बोट वाकडं करून दाखवलं. डांगर शेटच्या पत्र्यावर होतं. गावचा नियम मलाही माहीत होता, फक्त मी विसरलो होतो. वेल कुणाचाही असो, फळ ज्याच्या छपरावर वाढलं त्याचं. ज्याने भार सोसला त्याचं फळ. आमच्या शेजारणीच्या छपरावर आमच्या वेलाची किती तरी डांगरं गेली, आणि तिची आमच्याकडे आली. त्यावरून कधी भांडण झालं नाही.

“अगं, पण शेटना नकोय ते. मी मागून आणतो.”

“पितरले मांगेल चालत नही.”

मी तसाच खाली गेलो आणि शेटना सांगितलं. ते लगेच म्हणाले, “घेऊन जा की भाऊ. आमच्या घरी कोण खातंय?” मी ते मायला जसंच्या तसं येऊन सांगितलं. ही माझी चूक. तिच्या दृष्टीने आता ते नुसतं मागितलेलं नव्हतं, नको असलेलंही होतं. तिने खुंटीवरचं गठुडं काढलं, गाठ आवळली आणि विचारलं, उद्याची पहिली गाडी किती वाजता.

मी तिला पायाबद्दल सांगितलं. विहिरीबद्दल सांगितलं. ती पडली तेव्हा किती वेळ पडून होती ते सांगितलं. ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. नातवाने लुगडं धरलं, तिने ते हळूच सोडवून घेतलं. बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, “तुम्ही त्यांच्याशी मराठीत भांडता. कसं पटेल त्यांना?” मी अहिराणीत प्रयत्न केला. दोन वाक्यांनंतर माझे शब्द संपले. माय वाट बघत राहिली, मग म्हणाली, “ऱ्हाऊ दे.”

मी पुन्हा शेटकडे गेलो. या वेळी मी त्यांना सगळं सांगितलं, पितर, नियम, गठुडं. त्यांनी वजनकाट्यावरचं पोतं उतरवून घेतलं, हात झटकले आणि माझ्याबरोबर वर आले. माय टाकीशी बसली होती.

“अक्का, एक इचारू का?”

“इचारा ना.”

“एकनी जमीन, दुसरानी मेहनत. तुम्हना गावले काय करतस?”

“बटाई.”

“मंग? छप्पर मनं, मेहनत तुम्हनी.”

मायने पत्र्याकडे पाहिलं. “छप्पर म्हंजे काय जमीन शे का?”

“सातबारा नही त्याना, हाई खरं. पन भार त्यानीच सोसा ना?”

तिचाच नियम होता. मग तिने पदर खोचला, आणि मी ओळखलं की आता सौदा सुरू होतोय.

“पानी कोनं?”

“तुम्हनं.”

“माटी?”

“तुम्हनी.”

“बीज?”

“तेबी तुम्हनं.”

“मंग निम्मं कसं? तीन हिस्सा मना, एक तुम्हना.”

“आनि मना टीव्ही? दोन महिना मुंग्या देखी ऱ्हायनू मी!”

“मुंग्यासनी काय करं तुम्हनं?”

“निम्मं, अक्का. गावमा निम्मंच चालस.”

तिने वेलाचं एक वाळकं पान खुडलं. “निम्मं. पन फुलं मन्या.”

“फुलं तुम्हन्या. आनि आखाजीलोंग. आर्धामा सोडीसन जावानं नही.”

आमच्याकडे शेताचे सगळे करार आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सुरू होतात आणि पुढच्या आखाजीला संपतात. मध्येच बटाई सोडून जाणाऱ्या माणसाला गावात पुन्हा कुणी जमीन देत नाही. शेट हे बोलले तेव्हा ते आडतीवर बसल्यासारखेच बोलले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“आखाजीलोंग तर ऱ्हासच,” माय म्हणाली. हे काय सांगायला हवं, अशा सुरात.

अख्ख्या डांगराला बाईने पहिली सुरी लावायची नसते. डांगर काढून आणल्यावर विळा माझ्या हातात आला. मी मध्यावर खूण केली, नीट पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि कापलं. एक फाक उघडच मोठी झाली. मला वाटलं, संपलं. शेट आता लहान फाक उचलतील, ‘तुम्हालाच राहू द्या अक्का’ म्हणतील आणि झालेलं सगळं परत मागून आणलेलं होईल.

शेटनी दोन्ही फाका पाहिल्या. मग बिनदिक्कत मोठी उचलली आणि काखेत मारली.

“पक्का व्यापारी शे,” माय म्हणाली. आमच्या घरी आल्यापासून तिचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला.

पितर झालं. डांगराची भाजी, गिलक्याची भजी, खीर. गच्चीवर ताट ठेवलं. कावळा अँटेनावर येऊन बसला, बराच वेळ बसला, खालून ‘गेलं, गेलं’ असा ओरडा झाला, आणि मग तो ताटावर उतरला. त्याने आधी भाजीलाच चोच मारली. वडिलांनी डांगर ओळखलं की कावळ्याला भूक होती, हे मी मायला विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

दिवाळीपर्यंत वेल वाळला. टाकीत तिने मेथी टाकली, मग लसणाची पात. यातलं काहीच शेटच्या पत्र्यावर वाढत नव्हतं, तरी दर वेळी निम्मी जुडी खाली जायची. शेटाणी म्हणायच्या, “अक्का, हे कशाला?” माय म्हणायची, “बटाई शे.” गठुडं खुंटीवर होतंच. मी रोज त्याच्याकडे बघायचो आणि आखाजी किती लांब आहे याचा अंदाज घ्यायचो.

आखाजीला सकाळी मायने घागर भरली, वडिलांचं नाव घेतलं, आणि गच्चीवर जाऊन टाकीच्या कडेला बसली. करार संपला होता. मी एसटीच्या गर्दीबद्दल काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. खोटं बोलायचं तर निदान वेगळं तरी बोलावं. पण काही सुचायच्या आत शेट वर आले. कपाळाला गंध, अंगात नवा सदरा.

“अक्का, औंदा?”

“औंदा निम्मं नही. पानी महाग व्हयनं.”

ते बोलत राहिले. मी खाली आलो. तो सौदा किती हिश्श्यावर ठरला ते मला आजही माहीत नाही. मृगात टाकीत पुन्हा बी टोचलेलं दिसलं आणि माझी बादली वर गेली.

त्या वर्षी फळ पत्र्यावर धरलं नाही. ते कठड्यावरून खाली लोंबू लागलं, गल्लीच्या वर, धड आमच्याकडे नाही, धड शेटकडे नाही. भार वाढला तसा वेल ताणायला लागला. एका संध्याकाळी ऑफिसातून येताना मी वर पाहिलं. डांगराखाली कुणी तरी झोळी बांधली होती, दोन टोकं आमच्या कठड्याला आणि दोन शेटच्या अँटेनाच्या काठीला. झोळीचं कापड ओळखीचं वाटलं. घरात आलो. खुंटी रिकामी होती. मायची लुगडी माझ्या शर्टांच्या खाली, कपाटात, घडी घालून ठेवलेली होती.

“धडपा काढा का?” मी विचारलं. एवढी अहिराणी मला जमली.

“दुसरं कापड नव्हतं,” ती मराठीत म्हणाली.